नाम आणि आख्यात : स्त्रीश्रमाच्या इतिहासावरील दोन ग्रंथांचे परीक्षण

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्य व्यवहार जुन्या कागदांशी. सनदा, महजर, निवाडपत्रे, करीने, रोजकीर्दी ह्यांतून गतकाल बोलका करावा, हे आपण पत्करलेले काम. अशा वाचकांपुढे अर्थशास्त्रविषयक दोन परकीय ग्रंथांचे परीक्षण मांडणे हे प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु हे दोन्ही ग्रंथ अर्थशास्त्राचे म्हणून गाजले असले, तरी त्यांतील खरा प्रश्न साधनचिकित्सेचा आहे. तो असा की, जे काम झाले पण ज्याला कागदाने नाव दिले नाही, त्याचा इतिहास कसा लिहावा ? हा प्रश्न अमेरिकेतील दप्तरांपुढे जसा आहे तसाच आपल्या रुमालांपुढेही आहे. आणि प्रस्तुत लेखकाने त्याकडे पुष्कळ वर्षे दुर्लक्ष केले, ह्याची कबुली पुढे यथास्थान येईल.

परीक्षणार्थ घेतलेला पहिला ग्रंथ क्लॉडिया गोल्डिन ह्या हार्वर्ड विद्यापीठातील अध्यापिकेचा. अमेरिकन स्त्रियांचा आर्थिक इतिहास हा त्याचा विषय असून तो १९९० साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. २०२३ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक बाईंना एकट्यांना मिळाले, ते मुख्यतः ह्या ग्रंथात आरंभिलेल्या संशोधनाबद्दल. दुसरा ग्रंथ मारिया ओग्रेन ह्यांच्या संपादकत्वाखाली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकमंडळीने सिद्ध केला; तो त्याच प्रकाशनसंस्थेकडून २०१७ साली बाहेर पडला. पहिला ग्रंथ नामांच्या दुरुस्तीचा आहे आणि दुसरा आख्याताच्या शोधाचा. हे विधान वैयाकरणी थाटाचे वाटेल. पण त्याची सार्थता पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

(१)

गोल्डिनबाईंपूर्वी प्रचलित समजूत अशी होती की, देशाची आर्थिक प्रगती जसजशी होते तसतशा स्त्रिया घराबाहेर पडून कामास लागतात. म्हणजे आरंभी शून्य व मग सतत चढण. बाईंनी दोनशे वर्षांची साधने धुंडाळून दाखविले की, ही रेषा सरळ चढती नसून मधे खोलगट आहे. शेतीप्रधान काळात विवाहित स्त्रिया शेतात, गोठ्यात, मागावर, दुकानात मोठ्या संख्येने राबत होत्या. एकोणिसाव्या शतकात काम घरातून कारखान्यात गेले, तेव्हा त्यांचे प्रमाण उतरले. आणि विसाव्या शतकात कचेऱ्या, शाळा, दुकाने वाढली तेव्हा ते पुन्हा चढले. ही आकृती रोमन लिपीतील 'यू' ह्या अक्षरासारखी होते.

ह्या निष्कर्षाहून आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो त्याचा आधार. १८९० सालच्या अमेरिकन शिरगणतीत विवाहित स्त्रियांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात बहुधा काहीच नाही. ती जागा रिकामी आहे म्हणून काम नव्हते, असे बाईंनी मानले नाही. ज्या घरी भाडोत्री बिऱ्हाडकरू राहत आणि जेवत, त्या घरी त्यांचे रांधणे, धुणे, झाडणे कोण करीत असे ? शेतकऱ्याच्या घरी दुभते, कोंबड्या आणि सुगीतील मळणी कोणाच्या अंगावर असे ? कारखान्यांच्या स्वतंत्र नोंदींत ज्या स्त्रिया दिसतात त्या शिरगणतीत का दिसत नाहीत ? असे एकेक प्रश्न घालून त्यांनी आकडे दुरुस्त केले; आणि विवाहित स्त्रियांच्या अर्थोत्पादक कामाचे प्रमाण सरकारी आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाले. तत्पूर्वीच्या काळासाठी त्यांनी फिलाडेल्फिया शहरातील नामनिर्देशिका वापरल्या. त्यांत कुटुंबप्रमुखांची नावे, धंदे व पत्ते छापलेले असत. ह्या निर्देशिकांत स्त्री दिसते ती प्रायः कुटुंबप्रमुख म्हणून, म्हणजे विधवा झाल्यावर. नवरा जिवंत असता जी दुकानात बसत होती ती कागदावर नाही. तो वारला की दुसऱ्या वर्षी तीच 'दुकानदार' म्हणून छापली जाते. एका वर्षात ती धंदा शिकली, असे कोण म्हणेल ?

वेतनाविषयीचे त्यांचे विवेचनही असेच कागदनिष्ठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या ईशान्य भागात स्त्रीची मजुरी पुरुषाच्या मजुरीच्या सुमारे तीनदशांश होती. यंत्रे आल्यावर १८५० च्या सुमारास ती निम्म्यापर्यंत आली. म्हणजे कारखान्याने अंतर कमी केले. पण पुढे चमत्कार असा की, १९०० च्या सुमारास कारखान्यांतील वेतनाच्या अंतरापैकी केवळ सुमारे एकपंचमांश भाग अनुभव, शिक्षण इत्यादी कारणांनी उलगडत नाही; परंतु १९४० मध्ये कचेऱ्यांतील कारकुनांच्या बाबतीत न उलगडणारा भाग निम्म्याहून अधिक होतो. कामाला अंगबळ लागेनासे झाले आणि भेदभाव मात्र वाढला ! ह्याचे कारण शोधताना बाईंनी अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यातून सरकारच्या स्त्रीविषयक खात्याने १९४० साली कचेऱ्यांची पाहणी केली तेव्हाचे मूळ हस्तलिखित तक्ते बाहेर काढले. छापील अहवालात जे गळले होते ते मूळ तक्त्यांत होते : अमुक जागा पुरुषांसाठीच, अमुक स्त्रियांसाठीच, आणि विवाह होताच नोकरी संपेल. छापील ग्रंथावर न विसंबता मूळ रुमाल सोडावा, हे आपले जुने वचन. अर्थशास्त्रज्ञाने गुप्तहेरासारखे वागावे, ह्या आशयाचा एक निबंध बाईंनी १९९८ साली लिहिला आहे. आपल्या मंडळींना तो घरचाच वाटेल.

विवाहितांस नोकरी न देण्याच्या नियमाची गोष्ट शाळामास्तराच्या विशेष मनाला लागणारी आहे. १९४२ साली अमेरिकेतील शंभर शिक्षणमंडळांपैकी ८७ मंडळे विवाहित स्त्रीस शिक्षिका म्हणून नव्याने घेत नसत, आणि ७० मंडळे नोकरीत असलेलीने विवाह केल्यास तिला काढून टाकीत. युद्धोत्तर काळात शिक्षकांची टंचाई पडली, आणि १९५० च्या सुमारास नव्याने न घेणाऱ्या मंडळांचे प्रमाण १८ वर उतरले. मंडळांस न्याय सुचला म्हणून नियम गेला नाही. माणूस मिळेना म्हणून गेला. बाईंच्या ग्रंथाचा हा कोरडेपणा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

(२)

आता ह्या ग्रंथाच्या उणिवांकडे वळू. नैयायिक लक्षणाचे दोष सांगताना अव्याप्ती आणि अतिव्याप्ती असे दोन मुख्य सांगतात. शिरगणतीतील 'व्यवसाय' ह्या लक्षणाला अव्याप्ती जडलेली होती; गोल्डिनबाईंनी ती बरीचशी दूर केली, पण अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. बिऱ्हाडकरूसाठी केलेला स्वयंपाक त्यांनी कामात धरला. स्वतःच्या मुलांसाठी त्याच चुलीवर, त्याच वेळी, त्याच हातांनी केलेला स्वयंपाक धरला नाही. बाजाराशी संबंध ही त्यांची कसोटी. ती सोयीची खरी. पण सोय म्हणजे सिद्धान्त नव्हे. मार्गारेट रीड ह्या विदुषीने १९३४ सालीच ह्याहून चांगली कसोटी सांगून ठेवली होती : जे काम मजुरी देऊन तिसऱ्याकडून करवून घेता येईल ते उत्पादक काम. स्वतः जेवणे तिसऱ्याकडून करवता येत नाही, स्वयंपाक करवता येतो. म्हणून जेवण हे काम नव्हे व स्वयंपाक हे काम. इतके सुटसुटीत लक्षण हाताशी असता ते बाजूस ठेवावे, ह्याचे समर्थन ग्रंथात पुरेसे नाही.

दुसरी उणीव अशी की, बाईंच्या प्रसिद्ध रेषेचा मुख्य आधार गौरवर्णीय विवाहित स्त्रिया हा आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांचा मार्ग निराळा होता, हे बाईंनी स्वतःच १९७७ सालच्या एका लेखात दक्षिणेकडील शहरांच्या १८७० व १८८० च्या शिरगणतीवरून दाखविले होते. पण रेषा एकदा प्रसिद्ध झाली की लोक ती सर्वांची म्हणून वापरतात, आणि तिच्या कडेला लिहिलेली टीप कोणी वाचीत नाही. गुलाम स्त्रीच्या बाबतीत तर विपरीत प्रकार आहे. मळेवाल्यांच्या वह्यांत तिने दिवसाला किती पौंड कापूस वेचला, ह्याची नावानिशी नोंद सापडते. मळेवाल्याच्या पत्नीने काय केले ह्याची सापडत नाही. ज्या स्त्रीवर मालकी होती तिचे काम मोजले गेले. मोजणी हा नेहमीच सन्मान नसतो, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण हाच प्रकार आपल्या दप्तरातही आढळतो, व त्याकडे पुढे येऊ.

(३)

कागदातील नाव कसे घडते, ह्याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकन शिरगणतीतच आहे. १८७० साली गणनाकारांस अशी सूचना होती की, जी स्त्री स्वतःच्या कुटुंबाचे घर सांभाळते तिच्यापुढे 'कीपिंग हाउस', म्हणजे घर सांभाळणे, असे लिहावे. आणि जी पगार घेऊन दुसऱ्याचे घर सांभाळते तिलाच 'हाउसकीपर' म्हणावे. क्रिया एकच. मोबदला नसेल तर क्रियावाचक शब्द, मोबदला असेल तर व्यक्तिवाचक नाम ! १८७८ साली स्त्रियांच्या एका संघटनेने अमेरिकन काँग्रेसला पत्र लिहून गृहिणींना बिनकामाच्या गणतीत टाकण्याविषयी तक्रार केली. तिचा उपयोग झाला नाही. १९०० पर्यंत अशा स्त्रिया 'परावलंबी' ह्या वर्गात पक्क्या बसल्या. ही हकीकत नॅन्सी फोल्ब्रे ह्यांनी १९९१ साली साधार मांडली आहे.

हिंदुस्थानातही हा खेळ झाला. १९६१ च्या शिरगणतीत हंगामी कामात हंगामाचा बराच काळ रोज तासाहून अधिक नियमित राबणारी व्यक्ती कामकरी धरली होती. १९७१ मध्ये 'आपले मुख्य काम कोणते ?' असा प्रश्न आला. बाईने, अथवा बहुधा तिच्या वतीने घरातील पुरुषाने, 'घरकाम' असे उत्तर दिले. आणि कामकरी स्त्रियांची संख्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. शेते तीच, खुरपी तीच, बायकाही त्याच. फक्त प्रश्नाचा शब्द बदलला. १९९१ मध्ये 'शेतावरील अथवा घरच्या धंद्यातील बिनमोबदल्याचे काम धरून' अशा अर्थाचे शब्द प्रश्नात घालावे लागले. ह्या वर्गवारीचा परिणाम कागदापुरता राहत नाही. अपघातात गृहिणी दगावली तर नुकसानभरपाई किती, हा प्रश्न न्यायालयापुढे येतोच. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या सेवेचे मूल्य मासिक ३००० रुपये धरले. आणि २०१० साली अरुणकुमार अग्रवाल खटल्यात न्यायमूर्ती गांगुली ह्यांनी शिरगणतीत गृहिणींना भिकारी व कैदी ह्यांच्या पंक्तीस 'काम न करणारे' म्हणून बसविल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. एका रकान्यातील शब्द शंभर वर्षांनी न्यायासनापर्यंत पोहोचतो, तो असा.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला नामाचा हा विश्वासघात नवा नाही. पाणिनीने पुंयोगाने होणाऱ्या स्त्रीवाचक नामांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. पुरुषाच्या संबंधामुळे जे नाव स्त्रीस मिळते ते निराळे, आणि स्वतःच्या कर्तृत्वाने जे मिळते ते निराळे. आचार्याची पत्नी ती आचार्यानी, आणि स्वतः शिकविणारी ती आचार्या. संस्कृतात भेद दाखविण्यास निदान रूपे दोन आहेत. मराठीत मात्र सोनारीण, कासारीण, तेलीण, माळीण, पाटलीण ह्या प्रत्येक शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जुन्या कागदात 'अमकी कासारीण' असे आले तर ती कासाराची बायको, की बांगड्या भरण्याचा धंदा करणारी ? नाम ह्याचे उत्तर देत नाही. उत्तर वाक्यातील क्रियापद देते.

(४)

आणि येथेच ओग्रेनबाईंच्या ग्रंथाची योग्यता आहे. स्वीडनमधील १५५० ते १७९९ ह्या अडीच शतकांचे न्यायालयीन कागद, हिशेब, अर्ज व रोजनिशा ह्यांतून ह्या मंडळीने व्यवसायनामे वेचली नाहीत, क्रियापदे वेचली. 'मासे विकले', 'गवत कापले', 'निरोप पोहोचविला', 'कर्ज वसूल केले', अशी जीविकेशी संबद्ध सोळा हजारांहून अधिक वाक्ये त्यांनी गोळा केली, आणि प्रत्येकाचा कर्ता स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, हे टिपले. स्वीडिश कागदांत विवाहित स्त्रीपुढे 'हुस्त्रू', म्हणजे पत्नी, एवढेच असते. धंद्याचे नाव क्वचित. नामाच्या मागे गेलेल्या संशोधकाला ती बिनधंद्याची दिसली. आख्याताच्या मागे गेलेल्याला ती विकताना, देणेघेणे करताना, नोकरांवर देखरेख करताना दिसली. यास्काने नामात सत्त्व प्रधान व आख्यातात भाव प्रधान असे म्हटले, त्याचे इतके व्यावहारिक प्रत्यंतर मी तरी अन्यत्र पाहिले नाही.

ह्या ग्रंथाचा मुख्य निष्कर्ष असा की, त्या काळी कामाची वाटणी ठरविण्यात स्त्री की पुरुष ह्या भेदाइतकाच, किंबहुना कित्येक बाबतींत त्याहून अधिक, विवाहाचा प्रभाव होता. विवाहित अथवा विधवा स्त्रीस अधिकाराची जी कामे करता येत, ती अविवाहित मोलकरणीस करता येत नसत. संसार दोघांच्या कमाईवर चाले. एकटा पुरुष पोसतो व बाकीचे खातात, हे चित्र नंतरचे आहे. मात्र ह्यावरून तो काळ सुवर्णयुगाचा होता असे कोणी मानू नये. शैलाग ओगिल्वी ह्यांनी जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या कागदांवर २००३ साली लिहिलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, स्त्रियांना कौशल्य होते, इच्छाही होती. पण कारागिरांच्या श्रेणींनी त्यांच्या वाटा नियमांनी बंद केल्या होत्या. दोन्ही ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत.

आख्यातपद्धतीवर माझे आक्षेप तीन आहेत. पहिला साधनांच्या स्वरूपाविषयी. साक्षीत काम येते ते मुख्य विधान म्हणून येत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ते सतिसप्तमीत येते. 'मी ओढ्यावर धुणे धूत असता भांडण ऐकले' ह्या वाक्यात साक्षीदाराला भांडण सांगायचे आहे, धुणे नव्हे. म्हणूनच ते विश्वसनीय आहे. धुण्याविषयी खोटे बोलण्याचे तिला कारण नाही. पण त्याच कारणाने ते एकांगीही आहे. ओढा, बाजार, रस्ता, शेताचा बांध येथे भांडणे होतात व साक्षीदार असतात. पहाटे माजघरात जात्यावर बसलेलीला साक्षीदार नाही, आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारीचा कज्जा होत नाही. जे काम सर्वांत नित्य, तेच ह्या पद्धतीच्या चाळणीतून सर्वांत अधिक गळते.

दुसरा आक्षेप प्रयोजकाविषयी. अहिल्याबाईंनी घाट बांधले असे आपण लिहितो, तेव्हा त्यांनी दगड वाहिले असे कोणी समजत नाही. 'बांधले' म्हणजे 'बांधविले'. परंतु 'अमक्याने विहीर खणली', 'तमक्याने शेत केले', अशा वाक्यांत खणणारे व कसणारे हात कोणाचे, हे केवळ क्रियापदावरून कळत नाही. कर्ता तो जो क्रियेविषयी स्वतंत्र, असे व्याकरण म्हणते. आणि एकत्र कुटुंबाच्या कायद्यात घराच्या प्रमुखालाच 'कर्ता' म्हणतात. लिहिणाऱ्याने स्वतंत्र म्हणून ज्यास ओळखले त्याच्या नावावर सर्वांची क्रिया जमा होते. म्हणजे नामात जो पक्षपात होता तो आख्यातातही काही अंशी शिरतोच.

तिसरा आक्षेप इंग्लंडमधील ह्याच धर्तीच्या कामावर आहे. जेन व्हिटल व मार्क हेलवुड ह्यांनी नैर्ऋत्य इंग्लंडच्या १५०० ते १७०० मधील साक्षींवरून अशीच मोजदाद करून ती २०२० साली प्रसिद्ध केली. साक्षींत स्त्रिया कमी येतात, म्हणून त्यांच्या नोंदींना एका गुणकाने गुणून दोघांचे काम समान धरले. गुणक घेतल्याचे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे, आणि कोणते काम कोणाकडे अधिक हे पाहण्यास तो उपयोगी आहे. परंतु स्त्रिया व पुरुष सारखेच राबत होते, हे त्या आकड्यांवरून सिद्ध झाले असे जर कोणी म्हणू लागला, तर तो साध्यसम हेत्वाभास होईल. जे साध्य तेच गृहीत धरलेले. पुढील अभ्यासकांनी ही सीमा सांभाळावी.

हे आक्षेप पद्धत टाकून देण्यासाठी नाहीत. आज सरकारी कालविनियोगाची पाहणी होते, तीत माणसाला 'तुम्ही कोण ?' असे न विचारता पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासात 'काय केले ?' असे विचारतात. ही आख्यातपद्धतीच होय. भारतातील २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी वेळ २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. जिवंत माणसाला असे विचारता येते. मेलेल्यांना विचारायचे तर कागदच हवेत.

(५)

आता आपल्या दप्तराकडे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका वतनदार घराण्याच्या रुमालांची सूची केली. ती करताना व्यक्तिनामे, स्थलनामे, हुद्दे, वतने असे विभाग पाडले, आणि 'स्त्रिया' असा एक विभाग शेवटी जोडला. त्यात काय आले ? दत्तकपत्रे, चोळीबांगडीच्या नेमणुका, वारसाचे तंटे, एक-दोन दानपत्रे. ही सूची पुरी झाली असे मी समजत होतो. ओग्रेनबाईंचा ग्रंथ वाचल्यावर जुन्या नकलांच्या वह्या पुन्हा काढल्या व नामांऐवजी क्रियापदांवर बोट ठेवीत गेलो. एका सीमेच्या तंट्यात म्हातारी सांगते की, आपण ह्या बांधावर राखण करीत होतो म्हणून हद्द ठाऊक. दुसऱ्या करीन्यात नवरा मुलूखगिरीवर असता बाईने सावकाराचे देणे फेडल्याचे येते. ही वाक्ये माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात होती. मी ती उतरली होती, पण वाचली नव्हती. एका लहानशा पुडक्याविषयी तर अधिक खेद आहे. त्यात दळणाच्या व शिध्याच्या याद्या होत्या, त्यांवर मी 'किरकोळ, निरुपयोगी' असा शेरा मारून नकल घेतली नाही. पुढे ते घर पडले, आणि आज पुडके उपलब्ध नाही.

हा दोष एकट्याचा नसावा, म्हणून लिहितो. आपल्या परंपरेने राजकीय पत्रव्यवहारास अग्रमान दिला, तो त्या काळी योग्यच होता. पेशवे दप्तरातून निवडलेले पंचेचाळीस भाग सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत छापून काढले, हा पराक्रमच. पण निवड म्हणजे त्याग, आणि जे टाकले गेले त्यात कोठ्यांचे व मुदपाकखान्यांचे हिशेब पुष्कळ. त्यांत कुणबिणी दिसतात : कोठीत, पागेत, इमारतीच्या कामावर, किती शेर धान्य मिळाले, लुगडे केव्हा दिले. वर मळेवाल्यांच्या वह्यांविषयी जे म्हटले तेच येथे लागू. कुणबिणीचे काम नोंदले गेले, कारण ती दुसऱ्याची होती. घरच्या सुनेचे नोंदले गेले नाही, कारण ती घरची होती. तेव्हा कुणबिणीच्या नोंदीवरून त्या काळच्या कष्टाचे परिमाण काही अंशी बांधता येईल, परंतु ती नोंद ज्या बंदीतून उगम पावली ती विसरून नव्हे.

वेतनाविषयीही सावधगिरी हवी. जेन हम्फ्रीज व जेकब वाइसडॉर्फ ह्यांनी इंग्लंडातील स्त्रियांच्या १२६० ते १८५० पर्यंतच्या मजुरीची माला २०१५ साली मांडली, तेव्हा रोजंदारीवरील स्त्रिया व सालदार स्त्रिया ह्यांचे हिशेब वेगळे ठेवले. त्यामुळे दिसले की, १३४८ च्या महामारीनंतर मजूर दुर्मिळ झाले तरी त्याचा लाभ सालाने बांधलेल्या स्त्रियांस फारसा पोहोचला नाही. कायद्याने त्यांस नोकरीस भाग पाडता येत असे. दोन्ही माला एकत्र केल्या असत्या तर हे कधीच दिसले नसते. आपल्याकडे रोजमुरा, सालाना, शिधा, लुगडे, बलुत्यातील पेंढी असे मोबदल्याचे नाना प्रकार आहेत. त्यांची रुपयांत बेरीज करण्याची घाई करू नये. प्रथम प्रकार वेगळे ठेवावेत. बेरीज नंतर कोणालाही करता येते, एकदा केलेली बेरीज मात्र फोडता येत नाही.

शेवटी मंडळाच्या सभासदांस व संग्राहकांस तीन नम्र सूचना. कोणताही रुमाल सूचीबद्ध करताना नामसूचीबरोबर क्रियासूचीही करावी. निदान दळणे, राखणे, विकणे, फेडणे, पाजणे, शुश्रूषा करणे अशा क्रियांखाली पृष्ठांक द्यावेत, आणि क्रियेपुढे कर्ता जसा कागदात आहे तसाच लिहावा, आपल्या समजुतीने नव्हे. दुसरे, स्वयंपाकघराच्या, दळणाच्या, सुइणीच्या, धुण्याच्या याद्या कितीही क्षुद्र दिसल्या तरी त्यांवर निरुपयोगी असा शेरा मारू नये. तिसरे, 'अमकी तेलीण' अशी नामे आली तर पुंयोग की स्वकर्तृत्व, हे क्रियापद पाहिल्यावाचून ठरवू नये. ठरत नसेल तर तसे लिहावे. राजवाड्यांनी मराठीचा धातुकोशही रचला आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोशही. भाषेच्या बाबतीत त्यांना दोन्हींची गरज दिसली होती. इतिहासाच्या बाबतीत आपण आजवर एकाच कोशावर निर्वाह केला.

गोल्डिनबाईंचा ग्रंथ रिकामा रकाना कसा वाचावा हे शिकवितो, आणि ओग्रेनबाईंचा भरलेले वाक्य कसे वाचावे हे. दोहोंत दोष आहेत, ते वर दाखविले. तरी ज्यांच्या घरी अद्याप न सुटलेले रुमाल आहेत त्यांनी हे दोन्ही ग्रंथ वाचून मग गाठ सोडावी, अशी माझी शिफारस आहे. जे पुडके मी हातचे घालविले ते परत येणार नाही. दुसऱ्या कोणाच्या माळ्यावर तसेच एखादे असेल, त्याच्यासाठी हा लेखनप्रपंच.